मन लागत नाही, म्हणून अश्वगंधा

"झोपेसाठी काहीतरी आयुर्वेदिक द्या, साइड इफेक्ट नसलेलं." सांगलीच्या गणपती पेठेत काय किंवा साताऱ्याच्या मोती चौकात काय, मेडिकलच्या काउंटरवर हे वाक्य रोज कुणी ना कुणी बोलतं. बोलणं झोपेचं असलं तरी दुखणं बहुधा वेगळं असतं. द्राक्षबागेवर डावणी रोग आलेला असतो आणि सोसायटीचं कर्ज डोक्यावर असतं. पाळी जायच्या वयात उगाचच छातीत धडधडत असतं. पोराची तिसरी परीक्षा हुकलेली असते आणि तो खोलीबाहेर पडत नसतो. मानसोपचार तज्ज्ञांकडे जाऊया म्हटलं की "मी काय वेडा झालोय का?" हे उत्तर तयार असतं. अश्वगंधाची डबी घेताना तसं काही आडवं येत नाही.

त्या डबीला नावं ठेवावीत असं मला वाटत नाही. काहीतरी बिनसलंय हे माणूस त्या डबीच्या निमित्ताने पहिल्यांदा कबूल करतो, आणि ती कबुली मोलाची आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की तिला औषध म्हणायचं असेल तर औषधाची शिस्तही लावा. मात्रा किती, किती आठवडे घ्यायची, कशाबरोबर चालत नाही, आणि गुण आला नाही तर कोणत्या तारखेला पुढचं पाऊल टाकायचं, हे सुरू करण्याआधीच ठरलेलं असावं. घरगुती उपायात नेमकं हेच राहून जातं. काढा सुरू होतो, सहा महिने चालतो, आणि गुण आला की नाही हे कुणी विचारत नाही.

पहिलं काम रक्त तपासण्याचं. उदासी, थकवा, विसरभोळेपणा, चिडचिड, धडधड या सगळ्यांचं मूळ कधीकधी शरीरात असतं, आणि ते तिथे असेल तर कितीही ब्राह्मी घेऊन उपयोग नाही. हिमोग्लोबिन, थायरॉइडसाठी टीएसएच, बी-12, डी जीवनसत्त्व आणि साखर एवढ्या तपासण्या पुरतात. थायरॉइड मंदावला तर माणूस सुस्त आणि उदास होतो. तो जास्त चालला तर हात थरथरतात, घाम येतो, जीव घाबरतो, आणि घरचे म्हणतात टेन्शन घेतोय.

बी-12 बद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण माळकरी आणि शाकाहारी घरांत याची कमतरता सर्रास सापडते. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा पित्तासाठी वर्षानुवर्षं सकाळची गोळी घेणाऱ्यांतही ती दिसते. 200 पिकोग्रामच्या खाली आकडा आला तर कमतरता नक्की समजायची, 200 ते 300 च्या मधला संशयास्पद. पायाला मुंग्या, जिभेला आग, चालताना तोल जाणं ही लक्षणं सोबत असतील तर वेळ घालवू नये, कारण नसांचं नुकसान लांबलं की पूर्ण भरून येत नाही. अशा वेळी डॉक्टर बहुधा इंजेक्शनने सुरुवात करतात. एरवी रोज 1000 मायक्रोग्रामची गोळी चालते, कारण एवढ्या मोठ्या मात्रेतला थोडासा भाग पचन कमजोर असलं तरी शोषला जातो. चूक होते ती दोन ठिकाणी. लोक आधी गोळ्या खातात आणि महिन्याने तपासणी करतात, मग आकडा चांगला येतो आणि कारण कळतच नाही. दुसरं, नुसती फॉलिक अ‍ॅसिडची गोळी घेतात. तिने रक्त सुधारल्यासारखं दिसतं, पण नसांचं नुकसान आत चालूच राहतं.

डी जीवनसत्त्वाच्या 60,000 युनिटच्या कॅप्सूलबद्दल तर हात जोडून सांगावंसं वाटतं. ती आठवड्याला एक, साधारण आठ आठवडे, आणि नंतर डॉक्टर सांगतील तशी घ्यायची असते. घरी आणल्यावर कुणीतरी ती रोज घेतो. मग रक्तात कॅल्शियम वाढतं, तहान लागते, उलट्या होतात, पोट साफ होत नाही, मूत्रपिंडावर ताण येतो. कमतरता असेल तर ती भरून काढलीच पाहिजे. पण कमतरता नसताना हे जीवनसत्त्व मनाचं औषध म्हणून चालत नाही. अमेरिकेत 18,353 प्रौढांना पाच वर्षांच्या आसपास रोज 2000 युनिट किंवा बनावट गोळी देऊन पाहिली, 2020 मध्ये निकाल आला, आणि नैराश्य टाळण्यात दोन्ही गटांत फरक नव्हता.

आता अश्वगंधा. ताण आणि चिंता यांवर तिचे जे अभ्यास झाले, त्यांत बहुतेक ठिकाणी मुळाचा अर्क 300 मिलिग्राम दिवसातून दोनदा, आठ आठवडे दिला होता. चिंता कमी झाली, झोप थोडी सुधारली असे निष्कर्ष आले. अभ्यास लहान होते, काहींना अर्क बनवणाऱ्या कंपन्यांचाच पैसा होता, म्हणून मी त्यांना आशादायक म्हणेन, पक्के म्हणणार नाही. चूर्ण घेणार असाल तर परंपरेने मात्रा 3 ते 6 ग्रॅम आहे, म्हणजे एक ते दोन सपाट चमचे, रात्री कोमट दुधातून. सुरुवात अर्ध्या चमच्याने करावी, कारण पहिल्या आठवड्यात पोट बिघडणं आणि दिवसा गुंगी येणं या दोन तक्रारी जास्त येतात. डबी घेताना मागची बारीक अक्षरं वाचा. नुसतं "अश्वगंधा 500 मिलिग्राम" लिहिलंय की मुळाचा अर्क लिहिलाय? विथॅनोलाइड, म्हणजे तिच्यातले मुख्य घटक, किती टक्के? पानांची भेसळ असलेला माल स्वस्त पडतो, आणि पानांच्या अर्कात असे घटक जास्त असतात जे यकृताला नको असतात.

काही लोकांनी अश्वगंधा घेऊच नये. गरोदर बाईने नाही. थायरॉइड जास्त चालणाऱ्याने नाही, कारण ती तो आणखी वाढवू शकते. थायरॉक्सिनची गोळी चालू असेल तर सहा आठवड्यांनी टीएसएच पुन्हा पाहावा. झोपेची किंवा फिट्सची गोळी चालू असताना गुंगी वाढते. आणि घेताना लघवी गर्द पिवळी झाली, अंगाला खाज सुटली, डोळे पिवळे वाटले तर त्याच दिवशी बंद करून यकृताची तपासणी. हे क्वचित होतं, पण झाल्याच्या नोंदी आहेत.

हळद तर आपल्या घरची. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हरिपूरला जमिनीतल्या पेवांत हळद साठवण्याची रीत आपल्याकडचीच, आणि मार्केट यार्डात सौदे निघाले की त्या भागात श्वास घेतला तरी हळदीचा वास येतो. त्यामुळे हळदीच्या दुधाने मन हलकं होतं यावर इथे पटकन विश्वास बसतो. हिशेब करून बघूया. अर्धा चमचा हळद म्हणजे दीड ग्रॅम. चांगल्या हळदीत कर्क्युमिन, म्हणजे तिच्यातला मुख्य घटक, साधारण 3 टक्के, म्हणजे एका पेल्यात 45 मिलिग्राम. नैराश्यावरच्या अभ्यासांत दिवसाला 500 ते 1000 मिलिग्राम कर्क्युमिन दिलं जातं. 500 गाठायचे तर 16-17 ग्रॅम हळद, म्हणजे पाच-सहा चमचे रोज. ते कुणाच्याच्यानं होणार नाही, आणि करूही नये. शिवाय कर्क्युमिन शोषलं जातं फार कमी, म्हणून कॅप्सूलमध्ये मिरीचं पाइपरिन घालतात. हे पाइपरिन फिट्सच्या काही गोळ्यांचं रक्तातलं प्रमाणही वाढवतं. हळद आणि मिरीच्या जास्त मात्रेच्या कॅप्सूल घेणाऱ्यांत यकृताला सूज आल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर कॅप्सूल नकोच. रात्री पेलाभर हळदीचं दूध खुशाल घ्या. गरम दूध, ठरलेली वेळ, घरातल्या कुणीतरी करून हातात दिलेला पेला, यांचा झोपेला उपयोग होतो. त्याचं श्रेय कर्क्युमिनला देऊन कॅप्सूलवर महिन्याला हजार रुपये घालवू नका.

जवसाचंही असंच आहे. भाकरीबरोबर जवसाची चटणी आपल्या ताटात पिढ्यान्‌पिढ्या आहे आणि ती राहावी. पण उदासीवर ज्या ओमेगा-3 चा अभ्यास झाला ते ईपीए, माशाच्या तेलातलं. जवसात एएलए असतं आणि शरीर त्यातलं अगदी थोडं ईपीएमध्ये बदलतं. त्यामुळे चटणीला आहार समजा. माशाच्या तेलाची कॅप्सूल घेणार असाल तर "1000 मिलिग्राम फिश ऑइल" या मोठ्या अक्षरांवर जाऊ नका. मागे ईपीए आणि डीएचए वेगवेगळे लिहिलेले असतात; साध्या कॅप्सूलमध्ये ईपीए 180 मिलिग्रामच निघतं. उपयोग दिसला तो रोज 1 ते 2 ग्रॅम ईपीएवर, तेही चालू उपचाराच्या जोडीला. म्हणजे साध्या कॅप्सूल सहा तरी लागतील. हे परवडतं का, याचा विचार आधी करा.

जायफळ मात्र नीट बघण्यासारखं आहे. आपल्याकडे ते सहाणेवर उगाळतात. सहाणेवर चमचाभर दूध, जायफळ हलक्या हाताने गोल फिरवायचं, दोन-तीन वेढे झाले की दुधाला तपकिरी रेघ येते. तेवढंच बोटाने निपटून पेल्यात. अशी मात्रा मिलिग्रामांत असते आणि मोठ्या माणसाला सहसा त्रास देत नाही. घोटाळा सुरू झाला तो मिक्सरवर पूड करून बरणी भरून ठेवायला लागल्यापासून. झोप येत नाही म्हणून चमचाभर पूड दुधात जाते. एक आख्खं जायफळ साधारण 5 ग्रॅमचं, आणि एवढ्या मात्रेत ते विषारी ठरू शकतं: तोंड सुकतं, नाडी पळते, भास होतात, आणि हे सगळं घेतल्यानंतर काही तासांनी सुरू होऊन दिवसभर टिकतं. आधीच चिंतेने घाबरलेल्या माणसाला वाटतं, आपल्याला खरंच वेड लागलं. वेढे मोजायची रीत जुन्या बायकांनी उगाच पाडलेली नव्हती.

ब्राह्मी घेताना हातात काय आहे ते बघा. नर्सरीत ब्राह्मी म्हणून बहुधा जी वेल मिळते तिची पानं गोलसर, लांब देठाची, कडेने दातेरी असतात. ती मंडूकपर्णी. स्मरण आणि चिंतेवरचे बहुतेक अभ्यास दुसऱ्या वनस्पतीवर आहेत, जिची पानं बारीक, जाडसर, बिनदेठाची असतात आणि फुलं पांढरी किंवा फिकट जांभळी. तिचा 300 मिलिग्राम अर्क जेवणानंतर बारा आठवडे दिला गेला. रिकाम्या पोटी घेतली तर मळमळ आणि पातळ शौचाला होतं. कॅनॉलच्या कडेची किंवा नाल्यातली ब्राह्मी खुडून आणू नये. ही वनस्पती पाण्यातले जड धातू अंगात साठवून ठेवते.

केशराचे अभ्यास मुख्यतः इराणमधले, रोज 30 मिलिग्राम, सहा ते आठ आठवडे, आणि सौम्य नैराश्यात निकाल चांगले. 30 मिलिग्राम म्हणजे बारा-पंधरा काड्या. पाण्यात टाकताच पाणी लाल आणि काडी पांढरी झाली तर तो रंग समजा. मॅग्नेशियमचा एक अभ्यास आहे, दिवसाला 248 मिलिग्राम, सहा आठवडे, 126 लोक. उपयोग दिसला, पण कोण काय घेतंय हे सगळ्यांना माहीत होतं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मॅग्नेशियमच्या वाटेला जाऊ नका.

आता ज्या दोन गोष्टींनी खरं नुकसान होतं त्या. पहिली सर्पगंधा. मुंबईचे डॉ. रुस्तम वकील यांनी 1949 मध्ये रक्तदाबावर तिचा उपयोग जगापुढे मांडला, 1952 मध्ये तिच्यातून रिसर्पिन वेगळं काढलं गेलं, आणि पुढच्या काही वर्षांत रिसर्पिन घेणाऱ्या काही रुग्णांना गंभीर निराशा आल्याचं डॉक्टरांनी लिहून ठेवलं. मेंदूतली सेरोटोनिनसारखी द्रव्यं ती साठवणीतून रिकामी करते. "शांत झोप", "बीपी-टेन्शन" अशा नावांनी विकल्या जाणाऱ्या काही आयुर्वेदिक गोळ्यांत आजही सर्पगंधा असते. उदास माणसाने अशी गोळी घेण्याआधी घटकांची यादी वाचलीच पाहिजे. वनस्पती अस्सल, आपल्या मातीतली, परिणामही खरा, पण उदासी असताना नको तोच.

दुसरी, ऑनलाइन मागवली जाणारी सेंट जॉन्स वर्ट ही परदेशी वनस्पती. सौम्य ते मध्यम नैराश्यात हिच्याइतका भक्कम पुरावा दुसऱ्या वनस्पतीला नाही. 300 मिलिग्राम दिवसातून तीनदा ही नेहमीची मात्रा. पण ती यकृतातली औषधं मोडणारी यंत्रणा इतकी जोरात चालवते की गर्भनिरोधक गोळी निकामी होऊ शकते, रक्त पातळ करणारी गोळी अपुरी पडते, मूत्रपिंड बदललेल्या रुग्णाचं औषध उतरून नवं मूत्रपिंड धोक्यात येतं, एचआयव्हीच्या गोळ्या हरतात. नैराश्याची गोळी आधीच चालू असेल तर दोन्ही मिळून सेरोटोनिन इतकं वाढू शकतं की ताप, थरथर, गोंधळ होऊन दवाखान्यात न्यावं लागतं. शरीर ज्यापासून सेरोटोनिन बनवतं त्या फाइव्ह-एचटीपीच्या गोळ्यांनाही हा सेरोटोनिनचा धोका लागू.

भस्मांबद्दल एक वाक्य पुरे: 2008 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या तपासणीत इंटरनेटवरून घेतलेल्या 193 आयुर्वेदिक उत्पादनांपैकी 20.7 टक्क्यांत शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. कागदाच्या पुडीत, नाव-परवाना नसलेली, पहिल्याच दिवशी गाढ झोप आणणारी पावडर कुणी देत असेल तर तिच्यात झोपेची गोळी वाटून घातलेली असण्याचा संशय घ्या.

पैसे न लागणारे उपाय मी शेवटी सांगतोय, कारण ते आधी सांगितले की लोक वाचणं सोडतात. पण पुराव्याच्या तराजूत ते वरच्या बहुतेक डब्यांपेक्षा जड आहेत. आठवड्यातून पाच दिवस तीस मिनिटं भरभर चालणं, एवढ्या वेगाने की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. साताऱ्यात चार भिंतीचा चढ, सांगलीत आमराई आणि कृष्णेचा घाट आहेच. सकाळी केलं तर उजेडही मिळतो, आणि सकाळचा उजेड रात्रीची झोप जागेवर आणतो. उदास माणसाला "फिरून या" म्हणणं सोपं आहे, त्याला अंथरुणातून उठवत नाही हाच तर आजार आहे. म्हणून पहिला आठवडा फक्त गल्लीच्या टोकापर्यंत, ठरलेल्या वेळी, कुणाला तरी सोबत घेऊन. उत्साह आल्यावर जाऊ असं म्हणू नये. आधी पाऊल उचलायचं, उत्साह मागून येतो. गोव्यात 'संगथ' या संस्थेने साध्या, डॉक्टर नसलेल्या समुपदेशकांकरवी हीच पद्धत सहा ते आठ बैठकांत शिकवली आणि तिचा गुण येतो हे 2017 मध्ये दाखवून दिलं.

श्वासाचं तंत्र: चार सेकंद आत, सहा सेकंद बाहेर, मिनिटाला सहा श्वास, दहा मिनिटं, तोंड बंद. जीव घाबरतो त्यांनी कपालभाती आणि भस्रिकाने सुरुवात करू नये. जोरजोरात श्वास टाकल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, ओठांना आणि बोटांना मुंग्या येतात, गरगरतं, आणि घाबरण्याचा झटका आपणच ओढवून घेतो. छातीत दुखणं मात्र पहिल्यांदाच होत असेल तर श्वास मोजत बसू नका, आधी ईसीजी.

सांगलीकरांची एक चिंता गोळीने जाणारी नाही. 2019 चा महापूर पाहिलेल्या घरांत जुलै-ऑगस्ट लागला की कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पाण्याची पातळी दर पंधरा मिनिटांनी मोबाइलवर बघितली जाते. 40 फूट इशारा, 45 फूट धोका, हे पोरांनाही पाठ असतं. ही भीती खोटी नाही, म्हणून तिला "विचार करू नको" हे उत्तर नाही. पातळी बघायच्या वेळा ठरवा, सकाळी आठ आणि संध्याकाळी सात, तीही प्रशासनाच्या आकड्यावर, फॉरवर्डवर नाही. कागदपत्रं, औषधं, जनावरं कुठे हलवायची हे एका कागदावर लिहून भिंतीला लावा. तयारी झाली की शरीराचा ताठा बराच उतरतो.

आणि मिश्री, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड. सकाळी मिश्री लावल्याशिवाय डोकं जड वाटतं, काम सुचत नाही, असं सांगणाऱ्या बाईची ती अस्वस्थता बरीचशी निकोटिन उतरल्याची असते. चार वेळा लावणारी दिवसातून चार वेळा ती अस्वस्थता भोगते. एकदम सोडल्यावर पहिले दहा-पंधरा दिवस चिडचिड वाढते, मग ओसरते. हे आधी माहीत असलं तर घरचे सांभाळून घेतात.

आता तारखेचं. एका वेळी एकच उपाय सुरू करा, कॅलेंडरवर लिहा, आणि रोज रात्री झोप, भूक, घाबरणं यांना 0 ते 10 गुण द्या. आठ आठवड्यांनी आकडे हललेले नसतील तर उपाय बदलू नका, डॉक्टर गाठा. दोन आठवडे सलग रोज उदास वाटतंय, कशातच रस नाही, काम किंवा जेवण सुटलंय, तर आठ आठवडेही थांबू नका. मरणाचे विचार येत असतील तर त्याच दिवशी सरकारी टेली-मानसचा 14416 क्रमांक लावा, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत, आणि रात्रीही चालू असतो. अशा माणसाला एकटं ठेवू नका. शेतीच्या घरात फवारणीचं औषध असतंच. ते त्याच दिवशी दुसऱ्याच्या घरी, कुलपात गेलं पाहिजे. असा विचार बऱ्याचदा थोड्या वेळाचा असतो आणि तेवढा वेळ विष हाताशी नसलं की माणूस वाचतो.

"गोळ्यांची सवय लागते" ही भीती अर्धी खरी आहे. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या झोप-घबराटीच्या गोळ्यांची लागते, म्हणून त्या थोडे दिवसच द्यायच्या असतात. नैराश्याच्या नेहमीच्या गोळ्यांची तशी ओढ लागत नाही. त्या दोन ते सहा आठवड्यांत काम करतात, आणि एकदम बंद केल्या तर चक्कर, मळमळ, विजेचे झटके बसल्यासारखं होतं, म्हणून हळूहळू उतरवायच्या. अश्वगंधा सुरू केली म्हणून त्या मनाने सोडणं ही मी ऐकलेली सगळ्यात वाईट कल्पना आहे.

मिरज, सांगली, सातारा, कुठेही ओपीडीला जाताना घरातल्या सगळ्या डब्या, पुड्या, काढ्याच्या बाटल्या एका पिशवीत घालून न्या. "बाकी काही घेत नाही ना?" विचारल्यावर मान हलवू नका, पिशवी टेबलावर ठेवा. ऑपरेशन ठरलं असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही हेच दाखवा, आणि तेही दोन आठवडे आधी, कारण हळदीच्या कॅप्सूल, माशाचं तेल, अश्वगंधा आणि सेंट जॉन्स वर्ट हे सगळं बहुधा तेवढे दिवस आधी थांबवावं लागतं.